मँटिसच्या पेटीतून चिलटं आणि माश्या निसटतात, कुठून आणि कशा थांबवायच्या?

पानावरचा_पाहुणा

नमस्कार मंडळी,

महिनाभरापूर्वी माझ्याकडच्या ऊथेकातून (अंड्यांच्या कोशातून) मँटिसची, म्हणजे प्रार्थना कीटकाची, पिल्लं निघाली. मोजता मोजता शंभरी ओलांडली. बरीचशी ओळखीतल्या हौशी मंडळींना दिली, बारा ठेवली, त्यातली नऊ आता तिसऱ्या अवस्थेत आहेत, म्हणजे दोनदा कात टाकून झाली आहे. एकत्र ठेवली की एकमेकांवर तुटून पडतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र डबा. खायला न उडणारी चिलटं देतो. शिवाय एक मोठी मादी आहे, ती चेनच्या कापडी पिंजऱ्यात असते. तिला माश्या देतो.

पिल्लांची तब्येत छान आहे. काळजी आहे ती निसटणाऱ्या खाद्याची. डब्यांच्या झाकणांना गोल भोक पाडून त्यावर खिडकीला लावतात ती जाळी गरम गोंदाने चिकटवली आहे. संध्याकाळी एका डब्यात वीस चिलटं सोडली की सकाळी चार-पाच दिसतात. मी समजत होतो की पिल्लाने पोटभर खाल्लं. परवा रात्री उशिरा दिवा लावला तर एक चिलट जाळीच्या भोकातून आधी डोकं, मग पुढचे पाय, मग अंग ओढून घेत बाहेर येताना दिसलं. पाच-सात सेकंदांत मोकळं. त्याच्यामागे दुसरं.

दुसरी गोष्ट, ही चिलटं न उडणारी म्हणून घेतली होती, पण गेल्या आठवड्यापासून त्यातली काही चक्क उडतात. आणि तिसरी, मादीच्या पिंजऱ्याची चेन उघडली की दर वेळी एक-दोन माश्या सुटतात. आजी दुपारी पडलेली असते, तिच्या तोंडावर माशी बसते. ती काही बोलत नाही, पण मला फार वाईट वाटतं.

मँटिस सोडायचे नाहीत आणि घरच्यांना त्रासही द्यायचा नाही. कुणी अनुभवाने सांगेल का?


रानवाट

पाहुणे, जाळीतून बाहेर पडणारं चिलट तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत हे बरं झालं. नाहीतर पिल्लू खातंय अशा समजुतीत महिने जातात आणि पिल्लू उपाशी राहतं.

खिडकीच्या जाळीचं भोक साधारण सव्वा ते दीड मिलिमीटरचं असतं. डासाला ते पुरतं. मेलानोगॅस्टर जातीचं चिलट अडीच मिलिमीटर लांब भरतं, पण जाळीतून जाताना लांबी बघायची नसते, छातीची जाडी बघायची असते, आणि ती एक मिलिमीटरच्या आतबाहेर आहे. हायडेई जात थोडी थोराड, तीन मिलिमीटरच्या आसपास. ती या जाळीत अडखळते, तरी भरवसा नको. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भोक असलेलं कापड घ्या. ऑर्गंझा चालतं, दाट विणीचं व्हॉइल चालतं, बायकांच्या पायमोज्याचं नायलॉन चालतं (मात्र ते ताणून लावू नका, ताणलं की भोकं मोठी होतात). पुढच्या वेळी ऊथेका उबवायला ठेवाल तेव्हाही हेच कापड लावा, कारण काही जातींची पहिल्या अवस्थेतली पिल्लं इतकी बारीक असतात की तीसुद्धा खिडकीच्या जाळीतून निघून जातात.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. वीस चिलटं कशाला? तिसऱ्या अवस्थेतलं पिल्लू एका वेळी चार-पाच चिलटं खातं आणि पोट फुगलं की तोंड फिरवतं. उरलेली पंधरा रात्रभर बाहेर जायची वाट शोधत बसतात. पंधरा जीव आठ तास भोकं तपासत फिरणार असतील तर कुठलंही झाकण कमी पडेल. पाच सोडा. तासाभराने पोट बघा. चपटं असेल तर आणखी तीन सोडा. माझ्याकडचं निसटणं निम्म्याहून जास्त कमी झालं ते जाळी बदलून नाही, मोजून खायला घालायला लागल्यावर.


कडीकुलूप

रानवाटताईंशी सहमत. जाळीबद्दल थोडी भर घालतो, मी पेट्या स्वतःच बनवतो.

पाहुणे, तुमची अर्धी चिलटं जाळीतून जात असतील, अर्धी जाळीच्या कडेने. हे डबे बहुतेक पॉलिप्रोपिलिनचे असतात आणि त्या प्लास्टिकला गरम गोंद धरत नाही. लावताना घट्ट वाटतो, आठ-पंधरा दिवसांत कडेने सुटतो, आणि सुटलेला वरून दिसतही नाही. ओळखायची युक्ती अशी. पिल्लू दुसरीकडे हलवा, डबा रिकामा करा, आत छोटा टॉर्च ठेवून झाकण लावा आणि खोलीत पूर्ण अंधार करा. जाळीतून उजेड चाळल्यासारखा येतो, तो ठीक. पण गोंदाच्या कडेला कुठे सलग चमकती रेघ दिसली तर ती फट. झाकण आणि डबा जुळतात त्या गोलातही बघा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा बारा डब्यांपैकी सात डब्यांना रेघ दिसली.

उपाय दोन. एक, गोंद लावण्याआधी दोन्ही बाजू सॅंडपेपरने चांगल्या खरवडा. दुसरा मला जास्त आवडतो, तो म्हणजे गोंद वापरायचाच नाही. बाहेरचं झाकण मधोमध कापून नुसतं कडं ठेवा, डब्याच्या तोंडावर कापड पसरा आणि वरून ते कडं दाबून बसवा. कापड झाकणाच्या खाचेत चेपलं जातं, फट उरत नाही, खराब झालं की दोन मिनिटांत बदलता येतं. शिवाय पिल्लाला छताला लटकायला अख्खं कापड मिळतं, गोंदाचे गुळगुळीत ओघळ मध्ये येत नाहीत.


आडवाट

जाळी, कापड वगैरे सगळं ठीक आहे, पण एवढी खटपट का? डब्याच्या आतून वरच्या काठाला व्हॅसलीन लावा. दोन बोटं रुंद पट्टा. चिलट त्यावर पाऊलच ठेवत नाही. मुंग्या पाळणारे हेच करतात.


रानवाट

आडवाट, मुंग्यांसाठी ते उत्तम आहे. मँटिसच्या डब्यात मी दोन बोटं पट्टा कधीच लावू देणार नाही, आणि कारण जरा सविस्तर सांगते, कारण नवीन लोक हे वाचून लगेच करून टाकतील.

मँटिस कात टाकतो तेव्हा तो छताला उलटा लटकतो. जुनी कात मागच्या पायांच्या नख्यांनी छताला घट्ट धरून राहते आणि तो स्वतःच्या वजनाने त्यातून खाली सरकत बाहेर येतो. त्या वेळी पायाखालची पकड सुटली तर तो मऊ अंगाने खाली आदळतो. पाय वाकतात, पंख चुरगळतात, बरेचदा जीवच जातो. आता जिथून चिलटं पळतात ती जागा कुठली? वरचा काठ आणि छत. पिल्लू जिथे लटकणार ती जागा कुठली? तीच. चिलटाला जी जागा धरता येत नाही ती मँटिसलाही धरता येत नाही. फ्लूऑनचंही (मुंग्या पाळणारे काठाला लावतात तो टेफ्लॉनसारखा निसरडा लेप) तसंच.

लावायचंच असेल तर अगदी पातळ, काडीने ओढल्यासारखी रेघ, झाकण बसतं त्या कडेच्या बरोबर खाली. छताला अजिबात नाही. आणि उन्हाळ्यात किंवा दिव्याच्या उबेने व्हॅसलीन पाघळतं, ओघळ खाली येतात, म्हणून दर आठवड्याला पुसून नवीन लावा. माझ्याकडे एक पिल्लू असं चिकट पाय घेऊन दोन दिवस घसरत होतं. ओल्या कापसाच्या बोळ्याने एकेक पाय पुसावा लागला.


आडवाट

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याकडे आतापर्यंत डुबिया झुरळांच्या डब्याला लावत होतो, त्यात मँटिस नव्हता. वरचा सल्ला मागे घेतो.


सूक्ष्मदर्शी

न उडणारी चिलटं उडायला कशी लागली, याचं उत्तर देतो. काही वर्षं प्रयोगशाळेत ड्रॉसोफिला, म्हणजे हीच चिलटं, सांभाळले आहेत.

पाहुणे, तुमच्याकडची चिलटं आखूड, चुरगळलेल्या पंखांची आहेत का? असतील तर ती मेलानोगॅस्टरची व्हेस्टिजिअल प्रकारची असण्याची शक्यता आहे. दोन शक्यता सांगतो.

पहिली आणि जास्त संभवणारी, घरातलं रानटी चिलट तुमच्या बरणीत शिरलं. पंख आखूड करणारं ते जनुक अप्रभावी असतं. म्हणजे उडणाऱ्या नराचा आणि आखूड पंखाच्या मादीचा संकर झाला की पहिल्या पिढीची सगळी पिल्लं उडणारी निघतात. अर्ध्या मिलिमीटरची जाळी डब्यांना लावाल तेव्हा चिलटांच्या बरणीलाही लावा. बाहेर जाणाऱ्याइतकाच आत येणारा त्रासदायक आहे.

दुसरी शक्यता उष्णता. व्हेस्टिजिअलचे पंख अळी असतानाच्या तापमानावर अवलंबून असतात. तापमान ३० अंशांच्या घरात गेलं की पंख जास्त लांब वाढतात. ती बरणी दिव्याजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवली होती का?

हायडेई ही वेगळीच जात आहे, मेलानोगॅस्टरशी तिचा संकर होत नाही. घरात जी रानटी चिलटं असतात त्यात मेलानोगॅस्टर फार, त्यामुळे हायडेईची बरणी बिघडण्याचा धोका कमी. मात्र तिची पिढी सावकाश तयार होते. मेलानोगॅस्टर २५ अंशांना अंड्यापासून दहा दिवसांत उडती-फिरती माशी, हायडेईला तीन आठवड्यांच्या आसपास.

बुचाबद्दल एक. जनुकशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांच्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत १९१० च्या सुमाराला चिलटं दुधाच्या बाटल्यांत वाढवायचे. अशा बाटल्यांना आणि नळ्यांना घट्ट दाबलेल्या कापसाचा बूच घालायची पद्धत पुढे कितीतरी वर्षं चालली. हवा जाते, चिलट जात नाही, आणि तोंड कितीही वेडंवाकडं असलं तरी कापूस त्यात बसतो. मीही तेच वापरतो. कापूस बोटाने दाबून बघा, आत जायला जोर लागला पाहिजे. सहज गेला तर चिलटही सहज येईल.


पानावरचा_पाहुणा

सूक्ष्मदर्शी, बरणी दिव्याच्या बाजूलाच होती. पिल्लांना ऊब हवी म्हणून दिवा, आणि जागा नाही म्हणून बरणीही तिथेच. आज हलवली. आणि झाकणाला तीच खिडकीची जाळी होती, म्हणजे दोन्ही कारणं माझ्याकडे हजर होती.

टॉर्चची तपासणी रात्री केली. नऊपैकी पाच डब्यांना कडेने रेघ दिसली. कडीकुलूप, तुमचं कडं आणि कापड जमलं, पण एक अडचण आहे. आता खाद्य आत घालायला दर वेळी कापड काढावं लागतं, आणि तेवढ्यात दोन-तीन सुटतातच.


कडीकुलूप

झाकण खाद्यासाठी उघडायचंच नाही. डब्याच्या बाजूला, तळापासून दोन-तीन बोटं वर, पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा आणि त्यात स्पंजचा तुकडा दाबून बसवा. भोकाच्या दीडपट जाड स्पंज घ्या. खायला घालताना स्पंज काढा, छोट्या नरसाळ्याचं टोक घाला, चिलटं ओता, स्पंज परत. चिलटं वर चढण्यापूर्वी भोक बंद झालेलं असतं.

भोक तळाशी का, तर चिलटांचा स्वभाव. धक्का बसला की ती वर चढतात. बरणी टेबलावर घडी घातलेल्या टॉवेलवर दोनदा आपटा, सगळी तळाशी पडतात आणि मग वर पळायला लागतात. तुमच्याकडे तीन-चार सेकंद असतात, तेवढ्यात ओता.


सूक्ष्मदर्शी

वरच्यात भर. हात सराईत नसेल तर बरणीतली हवी तेवढी चिलटं आधी छोट्या कुपीत घ्या आणि कुपी फ्रिजमध्ये पाच-दहा मिनिटं ठेवा. फ्रीजरमध्ये नको, तिथे लक्ष चुकलं की मरतात. गारठ्याने ती निपचित पडतात, मोजताही येतात. आत ओतल्यावर काही मिनिटांत पाय हलवायला लागतात, आणि मँटिसला हालचाल दिसली की तो डोकं वळवतोच.

घाई असेल तर थोडी पराग पूड कुपीत टाकून हलवा. पायांना पूड लागली की ती गुळगुळीत भिंतीवर थोडा वेळ चढू शकत नाहीत. साफ करत बसतात.


मातीचा_वास

मंडळी, माझा प्रश्न थोडा बाजूला, पण धागा तोच आहे म्हणून इथेच विचारते. माझ्या मोठ्या मँटिसला मी रातकिडे देते. पेटी काचेची आहे, वर कापडी जाळी. रातकिडे काचेवर चढत नाहीत असं सगळीकडे वाचलं होतं. तरी गेल्या आठवड्यात तीन बाहेर आले, आणि जाळीला एक भोक पडलेलं दिसलं. कुरतडल्यासारखं. आता एक रातकिडा कपाटामागे रात्रभर ओरडतो. झोप होत नाही.


रानवाट

मातीताई, रातकिडे काचेवर चढत नाहीत हे खरं, पण काच गुळगुळीत असली तरच. दोन ठिकाणी ते चढतात. काचेच्या पेटीच्या कोपऱ्यात सिलिकॉनची जी रेघ असते ती त्यांना शिडी होते. आणि रोज पाणी फवारून काचेवर पांढरे डाग साचतात, त्या क्षाराच्या खरबरीतपणावरही त्यांचे पाय टिकतात. व्हिनेगरच्या पाण्याने काच पुसा, साध्या पाण्याने दोनदा धुवा, कोरडी करा. आणि काड्या! पेटीत तिरकी लावलेली काडी जर जाळीला टेकत असेल तर रातकिड्याला काच लागतच नाही.

जाळी त्यांनीच कुरतडली. रातकिडे नायलॉन, कापड, स्पंज सगळं कुरतडतात, विशेषतः तहानलेले किंवा उपाशी असले तर. म्हणून वर कडीकुलूपांनी सांगितलेलं स्पंजचं बूच चिलटांसाठीच. रातकिड्यांच्या पेटीत ते चालणार नाही.

आता यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे स्टीलची जाळी. कुरतडली जात नाही हे खरं. पण छताला स्टीलची जाळी लावली की मँटिसच्या पायांची टोकं तिच्या तारांत अडकून तुटतात असा अनुभव अनेकांचा आहे, माझाही आहे. एका मादीचं मागच्या पायाचं टोक अडकून गेलं, पुढच्या कातेत पाय लहान निघाला. तेव्हापासून छत कापडाचं आणि धातूची जाळी फक्त बाजूच्या खालच्या झरोक्याला.

मग रातकिड्याचं काय करायचं? त्याला मोकळा सोडायचाच नाही. मी काचेचा सरळ उंच पेला पेटीत ठेवते, आतून एकदम स्वच्छ. रातकिडा पेल्यात. पेल्याच्या तोंडावर काडी आडवी, तळापर्यंत न पोचणारी. मँटिस काडीवर येऊन वाकतो, खाली हलणारं बघतो आणि उचलतो. दोन दिवसांत शिकतो. नाहीच शिकला तर लांब चिमट्याने धरून समोर हलवा. तासाभरात उचलला नाही तर पेला बाहेर.

तासाभराची अट मी फक्त निसटण्यासाठी घातलेली नाही. मँटिस कात टाकण्याआधी खाणं सोडतो, एका जागी लटकून राहतो. त्या वेळी पेटीत रातकिडा असेल तर तो या मऊ जिवाला कुरतडतो. माझी पहिली मादी अशी गेली. सकाळी कात अर्धी निघालेली आणि पोटाला भोक. तेव्हा मला वाटत होतं भरपूर खाद्य आत असणं म्हणजे प्रेम. त्या सकाळची आठवण आजही जात नाही.


मातीचा_वास

हे वाचून अंगावर काटा आला. रानवाटताई, पेटीतले दोन रातकिडे आत्ताच काढले. पंखांच्या कळ्या फुगल्यासारख्या दिसतात आणि तीन दिवस तिने काही खाल्लेलं नाही.


रानवाट

मग ती कात टाकणार. फुगलेल्या कळ्या म्हणजे बहुतेक शेवटची कात. हात लावू नका, पेटी हलवू नका, हलकासा फवारा तेवढा द्या. तिच्या डोक्याखाली तिच्या लांबीच्या दुप्पट तरी मोकळी जागा आहे ना ते बघा. काडी मध्ये येत असेल तर आत्ताच काढा, उद्या नको.


कडीकुलूप

कपाटामागच्या रातकिड्यासाठी: गुळगुळीत काचेची उंच बरणी, आत ओला कापूस आणि गाजराचा तुकडा, बाहेरून तोंडापर्यंत कागदाची उतरण टेकवा. भिंतीला लागून ठेवा, दिवे बंद. ओलाव्याच्या वासाने तो चढतो, आत पडतो, परत चढता येत नाही. मी असे चार पकडले आहेत. कीटकनाशकाचा फवारा मात्र घरात मारू नका. झुरळांच्या आणि डासांच्या फवाऱ्यांत असणारी पायरेथ्रॉइड मँटिसला तितकीच घातक आहेत. मच्छर पळवणारी यंत्रं, धूर, अगरबत्त्यांसारख्या कांड्या, तेही मँटिसच्या खोलीत नको.


पानावरचा_पाहुणा

चिलटांसाठी असा सापळा कसा करायचा? अजून वीस-पंचवीस तरी घरात आहेत.


सूक्ष्मदर्शी

पेल्यात दोन बोटं व्हिनेगर, वर भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, चिलट वर तरंगत नाही, बुडतं. तोंडाला कागदाचं नरसाळं, टोकाला पेन्सिलच्या शिशाएवढं भोक. उडणारी असोत की चालणारी, वासावर येतात. दर तीन दिवसांनी बदला, आणि पिल्लांच्या डब्यांपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, नाहीतर डब्यातली चिलटंही त्या वासाकडच्या भिंतीला जाऊन बसतील.

जुन्या बरण्यांचंही बघा. महिनाभराने खाद्य पातळ होतं, माइट्स (अगदी बारीक कीड) होतात, बरणी टाकायची वेळ येते. तशीच कचऱ्यात टाकली की झाकण सुटतं आणि शेकडो बाहेर. आधी दोन दिवस फ्रीजरमध्ये, मग कचऱ्यात. रातकिडे, झुरळं, मेणअळ्या यांनाही तेच. कुणालाही अंगणात सोडू नका. मेणअळी तर मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण पोखरते, ती मोकळी करणं म्हणजे दुसऱ्याच्या पेट्यांचं नुकसान.


पानावरचा_पाहुणा

आता मोठ्या मादीच्या चेनच्या पिंजऱ्याबद्दल सांगाल का? तिथे मी उघडल्यावर माश्या सुटतात.


कडीकुलूप

चेनचे दोन सरकते तुकडे जिथे भेटतात तिथे बघा. कितीही ओढा, दोघांच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटरची चौकट उरते. बहुतेक लोक ती वर, दाराच्या कोपऱ्यात ठेवतात, आणि माशी उडून वरच जाते. दोन्ही तुकडे दाराच्या खालच्या बाजूला आणून भेटवा आणि त्या चौकटीत कापसाचा छोटा बोळा कोंबा. उघडताना चेन खालून, हात जाईल एवढीच उघडा, पूर्ण दार कधीच नाही.


दिवेलागण

मी वायोलिन मँटिस पाळते. त्यांना उडणारंच खाद्य लागतं, न उडणारी चिलटं त्यांच्या फारशी कामाची नाहीत, म्हणून माश्यांवर बरीच धडपड केली आहे. दोन गोष्टी सांगते.

पहिली उजेडाची. दार उघडण्याआधी खोलीतले दिवे बंद करा, पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला एक टेबल-दिवा लावा, दाराच्या बाजूला काळं कापड टाका. दोन-तीन मिनिटं थांबा. सगळ्या माश्या दिव्याकडच्या भिंतीला जातात. मग दाराकडून हात घाला, एकही येत नाही. ही युक्ती रातकिड्यांवर उलटी चालते, ते उजेडातून अंधाराकडे पळतात, म्हणजे दाराशीच येतील.

दुसरी म्हणजे माशी आत सोडायचीच नाही, कोष आत ठेवायचे. माश्यांचे कोष तपकिरी तांदळासारखे दिसतात. छोट्या वाटीत चार-पाच कोष ठेवून वाटी पिंजऱ्यात. खोलीच्या तापमानाला काही दिवसांत एकेक माशी आतच निघते. उघडायला लागतं ते फक्त वाटी बदलायला, तेही निघून गेलेले कोष मोजून. फ्रिजमध्ये ठेवले की कोषांतून निघायचं लांबतं, त्यामुळे एकदम सगळे फुटत नाहीत.

एक धोका माहीत असू द्या. कोषातून नुकती निघालेली माशी मऊ असते आणि कपाळात हवेच्या पिशवीसारखा एक फुगा फुगवून कोषाचं टोपण फोडते. निसर्गात त्याच फुग्याने ती माती बाजूला सारत वर येते. ती घट्ट बसलेल्या बुचाच्या कडेनेही ढकलत वाट काढते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे: राखाडी, सुरकुतलेली माशी, पंख अजून न उलगडलेले, कपाळ फुगतंय, आत जातंय, परत फुगतंय, आणि स्पंज आणि प्लास्टिक यांच्यामधून ती तसूतसूने पुढे सरकतेय. तेव्हापासून कोषांची वाटी कधीच बुचाजवळ किंवा चेनजवळ ठेवत नाही. पिंजऱ्याच्या मधोमध, उघड्या तळावर. तिथे तिला ढकलायला काही नसतं, ती काडीवर चढते आणि पंख वाळवत बसते.


पानावरचा_पाहुणा

दिवेलागणताई, उजेडाची युक्ती आज केली. पाच माश्या होत्या, पाचही दिव्याकडे. आत हात घातला, पाणी फवारलं, मेलेली माशी काढली, दार बंद केलं. एकही बाहेर नाही. आजी शेजारीच बसून बघत होती.


मातीचा_वास

मंडळी, तिने काल रात्री कात टाकली. पावणेतीनला मी बघितलं तेव्हा निम्मी बाहेर होती, सकाळी सहाला पूर्ण पंख पसरून खाली लटकलेली. फिकट हिरवी, पंख पानाच्या पापुद्र्यासारखे. सगळे पाय धड आहेत. आणि कपाटामागचा रातकिडा बरणीत सापडला, गाजर खात बसला होता.


रानवाट

फार बरं वाटलं वाचून. आज तिला खायला देऊ नका, अंग कडक व्हायला वेळ लागतो. परवा एक छोटा रातकिडा पेल्यातून, आणि तासाभराने पेला बाहेर.


पानावरचा_पाहुणा

चार दिवसांचा हिशेब देतो. नऊ डबे, प्रत्येकात सकाळी पाच चिलटं. कापडी झाकणं आणि स्पंजचं भोक सगळीकडे झालं. व्हिनेगरच्या पेल्यात पहिल्या दिवशी एकोणीस, काल दोन, आज एकही नाही. हायडेईची नवीन बरणी कापसाच्या बुचासकट वेगळ्या खोलीत ठेवली आहे. एकच विचारायचं राहिलं, सात नंबरच्या डब्यातलं पिल्लू कालपासून चिलटांकडे बघतही नाही आणि छताला लटकून आहे. चिलटं काढून घेऊ का?


रानवाट

हो, आत्ताच. भोकाच्या बाजूला दिवा धरा, चिलटं दिव्याकडे जातील, मग स्पंजच्या भोकातून काढा. बाकी काही करू नका.